डावा कान

हेल्मेट देताना त्यानं विचारलं, "भंय दिसता?"
म्हटलं, स्कूटरचं नाही. हे माझ्या मापाचं आहे का?
नव्हतं. दिवसभर भुवयांवर घसरत राहिलं,
त्यामुळं पणजीची वरची बाजू
मी पाहिलीच नाही म्हणा ना.

पाच स्कूटर. पुढं आमची.
प्लासिद वाटाड्या, तिशीचा, पिवळं जाकीट;
मागं पुण्याचं एक जोडपं, इंदूरचे तिघे भाऊ.
मी मिरजेच्या एक्स्चेंजची जुनी ऑपरेटर, वय एकाहत्तर,
एकटी, म्हणून वाटाड्याच्याच पाठीशी.

प्लासिद बोलायचा डावीकडं मान वळवून,
आणि माझा डावा कान
हेडफोनखाली एकवीस वर्षं शिजून गेलेला.
जुनं सचिवालय मला ऐकू आलं ते असं:
"...आदिलशहाचो... मागीर पोर्तुगेज... आतां..."
मांडवीवरून वारा आला
आणि मधली तीन शतकं उडाली.
मग धातूचा काळा पाद्री, हात पसरलेले,
समोर कोसळणारी बाई. "...न्हीद..."
कुणाची झोप, कशासाठी, राहूनच गेलं.
मी मान हलवत होते.
खराब लाइनवर मान हलवायची सवय जुनी,
पलीकडच्याला दिसत नसली तरी.

तशी पणजी मला ठाऊक होती.
"हॅलो बेळगाव, पणजी द्या."
मग घाट उतरल्यासारखी लांब खरखर
आणि तळाशी लिबेराता.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
कुणाची तार पोचली नाही, कोण गेलं, काजूचा भाव,
सगळं आम्हा दोघींच्या मधून गेलं.
रात्री बोर्ड थंडावला की आमचं स्वतःचं:
तिच्याकडं बांगडे स्वस्त, माझ्याकडं पेरू,
दोघींचीही सासू कडक.
तिनं कधी फोटो मागितला नाही. मीही नाही.

एका गोष्टीचा राग मात्र होता.
संध्याकाळी सातच्या सुमारास
ती मधेच गप्प व्हायची.
"हॅलो? हॅलो पणजी?"
मागं कुठंतरी ठण्ण, ठण्ण.
मला वाटायचं, खाली लोहार असेल.
मिनिटभरानं, "हां, बोल गो,"
जणू काही झालंच नाही.
एकदा मी लेखी तक्रार केली:
पणजीच्या ऑपरेटर ड्यूटीवर मौन पाळतात.
त्यानंतर महिनाभर
ती माझ्याशी फक्त आकडे बोलली.

फोंतेन्यासमधे इंदूरच्या मधल्या भावानं
प्रत्येक रंगाच्या भिंतीपुढं स्वतःला उभं केलं.
एका खिडकीतून, "हांगा रावूं नाकात!"
प्लासिदनं हात जोडले,
आम्ही स्कूटरी बंद करून ढकलत नेल्या,
चोरांसारख्या, जुईच्या वेलाखालून.

मग पायऱ्यापायऱ्यांची ती पांढरी इगर्ज.
सूर्य बुडालेला. प्लासिद सुरू झाला:
कोणत्या साली, घंटा कुठून आणली...
आणि घंटाच वाजली.
उजव्या कानात, अख्खी.

त्यानं वाक्य तिथंच सोडलं.
हेल्मेट काढलं. ओठ हलत होते.
चणेवाली पुडी वळता वळता थांबली.
चौकातले हॉर्न काही थांबले नाहीत.

लोहार नव्हता तर.

"ही गोंयची दुसऱ्या नंबराची व्हडली घांट म्हणतात,"
पुन्हा हेल्मेट चढवत तो म्हणाला,
जणू काही झालंच नाही.

मी विचारलं नाही,
तार कचेरीत एक लिबेराता होती, ताळगावची, ओळखता?
आडनाव मला कधी लागलंच नव्हतं.
"आतां मिरामार. उशीर जाता."
म्हटलं, तीन मिनिटं थांबा.
त्यानं घड्याळ पाहिलं.
पुण्याची बाई हळूच म्हणाली, आजींना दम लागला वाटतं.
मी हनुवटीखालचा पट्टा चाचपत होते, सुटेना.

प्लासिदनं वाकून सोडवला.
डाव्या कानाशी काहीतरी बोलला.
मी मान हलवली.